मीठदाणीखालचं भोक

दानिएलमामांनी आयुष्यात एकच पुस्तक करायचं ठरवलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही कधी लिहिलं नाही. पण त्या पुस्तकातली बरीचशी प्रकरणं मी खाल्लेली आहेत, एका प्रकरणातल्या पाण्यानं अंघोळ केलेली आहे आणि शेवटच्या प्रकरणापायी माझी अंड्यावरची कोंबडी गेली. तेव्हा त्या पुस्तकाबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका आता कुणाला उरलेला नाही.

पुस्तकाचा विषय होता, थोड्या पैशात झोकात कसं राहावं. नाव दर आठवड्याला बदलायचं. कधी ‘गरिबाचं टेबल’, कधी ‘पगार थोडा, थाट मोठा’. एकदा नुसतंच ‘थाट’. मी विचारायची, “मामा, लिहायला कवा घेताय?” मामा म्हणायचे, “हौसाबाई, लिहायचं काय घेऊन बसलाय? आदी जगून बघाया नको?”

मी वडगाव रासाईची. चौथीपर्यंत शाळा झाली आणि लग्न होऊन दौंडला आले. आमचे हे लोको शेडमध्ये होते. रेल्वेचं क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही स्टेशनच्या मागं एका चाळीत खोली घेतली. एका बाजूला टांगेवाल्याची जैनबभाभी, पलीकडं पोस्टमनची केसरबाई, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून दानिएलमामा आणि त्यांची बायको रूथमावशी.

मामा उंच आणि वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे होते. सगळी नोकरी स्टेशनवरच्या साहेबलोकांच्या खाणावळीत बटलर म्हणून झाली. साहेब गेले, खाणावळीत वडे-भजी आली, मामा निवृत्त झाले, पण अंगातला बटलर काही निवृत्त झाला नाही. पितळी बटणांचा पांढरा कोट होता. त्याची कॉलर मावशीनं इतक्यांदा उसवून उलटी केली होती, की सुलट बाजू कुठली ते तिलाही सांगता येत नव्हतं. चालताना डावा हात कायम पाठीमागं. सकाळी टमरेल घेऊन लाईनीपलीकडं निघाले तरी डावा हात पाठीमागंच. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मामांना त्याचं काही नसायचं. “चाल सुटली की मानूस सुटला,” असं म्हणायचे आणि टमरेल सरळ धरून पुढं जायचे.

त्यांच्या घरात दोन खोकी जोडून केलेलं टेबल होतं. खाली सफरचंदांच्या पेट्या आणि वर खरंखुरं विलायती कापड. कुठल्याशा साहेबानं जाताना दिलेलं. बरोबर मधोमध त्याच साहेबाच्या चिरुटानं पडलेलं भोक होतं, म्हणूनच ते दिलं असणार. त्या भोकावर मामांनी जर्मन सिल्व्हरची मीठदाणी ठेवलेली असायची. कुणी मीठदाणीला हात लावायचा नाही. मीठ हवं असेल तर मागायचं. मग मामा उजव्या हातानं मीठदाणी उचलायचे आणि तेवढ्यात डावा तळवा अलगद भोकावर यायचा. मीठ वाढून झालं की मीठदाणी जागेवर, हात पाठीमागं. मी किती वर्षं त्या टेबलाशी बसले, पण भोक पाहिलं ते एकदाच. मावशीनं कापड धुवायला काढलं होतं तेव्हा.

आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा मी नवी होते. आमच्या ह्यांनी दुपारपासून पोट रिकामं ठेवलं होतं. मामांनी कोट घातला, दोन्ही बाजूंनी दोन चमचे मांडले, चुलीपाशी गरम केलेली ताटं आणली. “गरम ताटात शिळी भाकरबी ताजी लागती. प्रकरण पयलं,” असं मला सांगितलं. मग वाटीतून पिवळं पाणी आलं. ते सूप. ते संपल्यावर भाकरी आणि खाली राहिलेली घट्ट डाळ. तो मेन कोर्स. मग ताटं बदलली आणि त्याच डाळीचा काढून ठेवलेला गोळा गूळ घालून आला. तो स्वीट.

आमचे हे बघत राहिले. मावशी आतून म्हणाली, “डाळ एक वाटीच व्हती बरं का. ह्यांनी तिला तीनदा कपडे घातले.”

मामा जराही हलले नाहीत. “पोट भरनं येगळं आन् जेवनं येगळं.”

घरी आल्यावर आमचे हे पाटावर बसले आणि म्हणाले, “हां. आता जेवायला वाढ.”

खोटं कशाला बोलू, सगळं टाकाऊ नव्हतं. ताट गरम करायचं मी त्यांच्याकडूनच शिकले आणि अजून करते. पण दर चांगल्या प्रकरणामागं एक बाद प्रकरण यायचं. अंघोळीचंच घ्या. दौंडला इंजिनं पाणी भरायला थांबायची. ओळखीचा ड्रायव्हर असला की नळी सोडून बादलीभर उकळतं पाणी द्यायचा. सरपण नको, काही नको. मामांनी त्याचं प्रकरण केलं, ‘राजाचं स्नान’. सगळ्या चाळीला बादल्या घेऊन लाईनीवर नेलं. पाणी छान गरम होतं. दोन तांबे अंगावर घेतल्यावर कळलं की वर तेलाचा तवंग आहे. साबण लावला तर तो अंगावरून घसरायला लागला. रविवार होता. मामा तसेच उपासनेला गेले. तिथं पाळकसाहेबांनी मेणबत्ती लावली आणि शेजारच्या बाकावरचा माणूस उठून लांब जाऊन बसला. मावशी म्हणाली, “मी तर परारथनाच केली, देवा, ह्यांचा भडका व्हायाचा आसंल तर उपासना संपस्तवर तरी धीर धर.”

बाजाराचं प्रकरण त्याहून वरचढ. बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त होते, एवढं सगळ्यांनाच माहीत. पण मामा पांढरा कोट घालून जायचे. वाटेत उभं राहायचे, एखादं वांगं उचलायचे, उजेडाला धरायचे, आणि ‘हं’ एवढंच म्हणायचे. माळणींना वाटायचं, हा नगरपालिकेचा इन्स्पेक्टर. त्या घाबरून पिशवीत आपणहून भाजी टाकायच्या.

मावशी भडकली. “म्हातारपनी लबाडी करता?”

“मी कुटं काय बोललो? मी निस्तं वांगं बघितलं.”

“मंग वांग्याचं पैसं का न्हाई दिलं?”

“मागितलं न्हाईत. प्रकरण सातवं, गप ऱ्हाण्याचं फायदं.”

ते प्रकरण एका म्हाताऱ्या माळणीनं बंद केलं. तिनं मामांना नीट न्याहाळलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, “अगं बयांनो, ह्यो कसला इन्स्पेक्टर! ह्यो तर टेसनातला चहावाला! माझ्या दाल्ल्याला ह्येनं चहा म्हनून उकळतं पानी प्याया दिलं व्हतं!” त्यानंतर मामांना भाजी सगळ्यांपेक्षा महाग मिळायला लागली. मामांना भाजीचं काही वाटलं नाही, ‘चहावाला’ मात्र फार लागलं. दोन दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत, आणि मी तर बाजारात गेलेही नव्हते.

अशी थट्टा चालली होती, तोवर ठीक होतं. मग खडकीहून मामांचा मुलगा आला. तो तिथं कारखान्यात होता. दोन खोल्या होत्या, घरात नळ होता. म्हणाला, “बाबा, आता चला. आईला धुरानं दिसंना झालंय.”

आणि ते खरंच होतं. मामांच्या तीन कोर्सांसाठी तिन्हीत्रिकाळ चुलीपुढं मावशी बसायची. तिचे डोळे कायम लाल असायचे. सुईत दोरा मीच ओवून द्यायची.

मुलगा गेल्यावर मामा माझ्या ओट्यावर येऊन बसले. “हौसाबाई, मी आयुष्यभर उभं ऱ्हाऊन वाढलं. लेकाच्या घरी मी काय करनार? बसून खानार? सून वाढनार आन् मी ताटाकडं बघनार?”

मावशी दारातून म्हणाली, “मंग बघा की! कवातरी बसून खावा. मेलं न्हाई कुनी बसून खाऊन.”

“माझं पुस्तक इथं हाय.”

“पुस्तक!” मावशी बाहेरच आली. “हौसा, तू साक्षीला ऱ्हा. ह्यांचं पुस्तक कुनी छापाया घेतलं तर मी डोळं फुटस्तवर इथं ऱ्हाईन. न्हाई घेतलं, तर नाताळाच्या आत गाठोडं बांधायचं आन् खडकीला जायचं. बोला, कबूल?”

मामा ओट्यावरून उठले, डावा हात पाठीमागं घेतला. मग म्हणाले, “कबूल.”

छापखानेवाला त्यांनी हेरून ठेवलेला होता. शिरूर-घोडनदीचे अण्णा. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं छापायचे. बहिणीकडं दौंडला यायचे. पैज लागल्यावर मामांनी त्यांना एस.टी. स्टँडवर गाठलं. अण्णा म्हणजे पोट आणि त्याच्यामागून येणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मामा, लिहिलेलं मला दाखवू नका. रोज तेच वाचून डोळं किटलंत. मला जेवू घाला. तुम्ही दोघं रोज जे खाता तेच. माझं पोट खूष झालं, तर तुम्ही सांगा, मी लिहून घेतो आन् छापतो. माझा शब्द.”

मामा त्या दिवशी स्टँडवरून आले ते दोन्ही हात पाठीमागं घेऊन.

आता आमच्या चाळीची रीत सांगायला हवी. कुणाकडं पाहुणा आला की तो त्या एका घराचा नसायचा. भिंतीपलीकडं चप्पल ओळखू आली नाही, की लगेच घरातली चांगली वाटी झाकून मागच्या दारानं जायची. परत येताना ती कधी रिकामी यायची नाही, चिमूटभर साखर तरी असायचीच. मामांना हे माहीत होतं. म्हणून आदल्या दिवशी ते दारोदार सांगत फिरले, “उद्या माझ्याकडं पाव्हना हाय. कुनी कायबी पाठवायचं न्हाई. हात जोडतो.”

झालं! संध्याकाळी नळावर तीच चर्चा.

जैनबभाभी म्हणाली, “मामा आये थे क्या तेरे पास? मेरेकू बोले, कुछ भेजना नको.”

“मलाबी तेच म्हनले,” केसरबाईनं घागर खाली ठेवली. “म्हंजी घरात कायबी न्हाई बघ.”

“तर!” मी म्हणाले. “असतं तर मानूस सांगत फिरला असता का?”

“बिचारे. शरम के मारे बोले.”

आम्ही तिघी हळहळलो आणि घागरी घेऊन आपापल्या घरी गेलो. एकमेकींना काही बोललो नाही. आमच्याकडं ‘नको’ तर प्रत्येकच माणूस म्हणतो. पाहुणा म्हणतो, जावई म्हणतो, पोटात आग पडलेली असली तरी म्हणतो. ते ऐकून जो हात आखडता घेतो, त्याला पुन्हा कुणी विचारत नाही. आणि केसरबाई जरा चिक्कू होती, जैनबभाभीकडं महिनाअखेर होती, म्हणजे पाठवलंच तर मीच पाठवणार, असा माझा हिशोब. त्या दोघींचाही माझ्याबद्दल असाच काही असणार.

सकाळी मी कोंबडी कापली.

अण्णा आले, टेबलाशी बसले. खोकी जरा कुरकुरली. मामा कोटात ताठ उभे. मीठदाणी जागेवर. गरम ताट आलं, सूप आलं. मी रस्सा घेऊन मागच्या दारानं गेले तर आत चुलीपाशी जैनबभाभी खिम्याचं पातेलं घेऊन उभी, आणि तिच्या मागं केसरबाई, हातात पुरणपोळ्यांचा डबा. चिक्कू केसरबाई! पोळ्यांवर तुपाची वाटीसुद्धा होती.

मावशीनं कपाळाला हात लावला. “अगं भवान्यांनो! काय केलंत ह्ये?”

“मला काय ठावं ह्या येतील?” केसरबाई पुटपुटली.

मावशीनं सगळं डालग्याखाली ढकलायला घेतलं. पण माझा रस्सा, मी स्वतः सांगते, वेशीपर्यंत वास जायचा.

बाहेरून अण्णांचा आवाज आला, “मामा, आत कोंबडी शिजतीया व्हय?”

मामा आत आले. त्यांनी पातेलं पाहिलं, डबा पाहिला, माझ्याकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते उभे होते, हात लोंबत होते. मग त्यांनी कोटाची बटणं नीट केली आणि तबक घेतलं.

मावशी दबक्या आवाजात म्हणाली, “न्हेऊ नका. न्यायाचंच आसंल तर सांगा त्यास्नी, शेजाऱ्यांचं हाय म्हनून.”

“पाव्हन्याला वास आलाय, रूथ. वास आलेला पदार्थ टेबलावर गेलाच पायजे.”

“आन् पुस्तक?”

“पाव्हन्याफुडं ताटाचा पत्ता सांगत न्हाईत.”

आणि त्यांनी वाढलं. खरं सांगते, तसं वाढणं मी पुन्हा पाहिलं नाही. डाव्या बाजूनं यायचं, वाकायचं, थेंब सांडायचा नाही. माझा चुलीवरचा रस्सा लाटसाहेबाचा होऊन गेला. अण्णांनी खिमा खाल्ला, रस्सा भुरकला, पुरणपोळ्या तुपात बुडवल्या. शेवटी मामांनी स्वतःचं पुडिंग आणलं. शिळ्या भाकरीचा चुरा, गूळ आणि शेळीचं दूध. त्या सगळ्या पंगतीत पुस्तकातलं म्हणावं असं सूप सोडलं तर तेवढंच होतं. अण्णांनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली.

ढेकर देऊन ते म्हणाले, “मामा, पोट खूष! आसं जेवान आमच्या आख्ख्या घोडनदीत न्हाई. पन ह्ये तुमचं रोजचं? थोडक्यातलं? आवो, माझ्या घरात दिवाळीला ह्येवढं हुत न्हाई! लोक मला जोड्यानं मारतील.”

मामा काही बोलेनात. प्रकरण सातवं. मला राहवलं नाही. मी दारातून पुढं झाले. “आवो अण्णा, कोंबडी माजी हाय. खिमा भाभीचा, पोळ्या केसरबाईच्या. मामांचं निस्तं सूप आन् ते पुडिंग.”

अण्णांनी आमच्या तिघींकडं पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. खोकी हलली, मीठदाणी वाजली. “म्हंजी मामांच्या पुस्तकात लिवायाचं काय? शेजारी चांगलं बघा. संपलं की! ह्येला पुस्तक कशाला पायजे? हँडबिलाच्या कोपऱ्यात मावंल!”

“मीठ देऊ?” मामांनी विचारलं. का, ते मला कळलं नाही. अण्णांपुढं आता मीठ घालण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसानंतर मामांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. आमच्यावर रागावलेही नाहीत. मीच एकदा म्हणाले, “अण्णांना पुन्यांदा बोलवा की. ह्या टायमाला न्हाई पाठवनार कुनी.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. “तुमी पाठवाल.”

मी विचार केला. “पाठवीन,” म्हणाले.

“मंग?” मामा म्हणाले.

लोक याला चूक म्हणतील. म्हणोत. दारात पाहुणा आणि शेजारच्या चुलीवर डाळीचं पाणी, आणि मी हात बांधून बसायचं, हे मला आजही जमणार नाही.

नाताळाच्या आधी मावशीनं गाठोडी बांधली. ती खुशीत होती आणि ते लपवायचा तिनं काही प्रयत्नही केला नाही. निघायच्या दिवशी सकाळी मामा कोट घालून, तबकात आमची भांडी मांडून, वर फडकं झाकून दारोदार आले. त्या जेवणाच्या दिवसापासून भांडी त्यांच्याकडंच राहिली होती. जैनबभाभीच्या पातेल्यात पुडिंग, केसरबाईच्या डब्यात पुडिंग. तेच, भाकरीच्या चुऱ्याचं. केसरबाईनं संपवलं. मला विचारू नका, मी तिच्याकडं चाखलं, वाईटच होतं.

माझ्या रश्श्याच्या पातेल्यावर झाकण होतं. मामा गेल्यावर उघडलं तर आत मीठदाणी.

मी तशीच पदर खोचून स्टेशनवर पळाले. पुण्याकडं जाणारी पॅसेंजर उभी होती. खिडकीत मामा, समोर मावशी, दोघांच्या मध्ये ट्रंक, आणि ट्रंकेवर ते विलायती कापड पसरलेलं. गाडी सुटली नव्हती तरी यांचं जेवण सुरू झालं होतं. मावशी बसली होती आणि मामा तिला वाढत होते. डब्यातली बाकीची माणसं तोंडातला घास विसरून बघत होती.

“मामा! ही ऱ्हायली,” मी मीठदाणी खिडकीतून पुढं केली.

“ऱ्हायली न्हाई. भांडं रिकामं पाठवत न्हाईत, हौसाबाई.”

“अवो पन ते भोक?”

“हात हाय की,” मामा म्हणाले.

तेव्हा मी पाहिलं. डावा हात, जो टमरेल नेतानासुद्धा पाठीमागंच असायचा, तो ट्रंकेच्या मधोमध कापडावर पालथा होता. गाडी हलली. मावशीनं दोन्ही हातांनी मला हात केला. मामांचा एक हात भोकावर अडकलेला होता आणि दुसऱ्यात काटा होता, त्यावर भाकरीचा तुकडा. त्यांनी काटाच वर केला, साहेबाला सलाम करावा तसा, आणि गाडी यार्डातल्या इंजिनांच्या धुरात शिरेपर्यंत तो तुकडा काही त्यांनी खाली पडू दिला नाही.